चोरीचा हप्ता कोणी भरायचा?

मराठीत ‘हप्ता’ या शब्दाचे दोन संसार आहेत. मुळात फारसीत त्याचा अर्थ साधा आठवडा. ठरावीक मुदतीने द्यायची रक्कम असा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि तेथून दोन वाटा फुटल्या. एक वाट विम्याच्या कचेरीकडे गेली, दुसरी गल्लीतल्या दादाकडे. विम्याचा हप्ता भरणारा माणूस शहाणा व दूरदर्शी समजला जातो. दादाला हप्ता देणारा भित्रा तरी समजला जातो, नाहीतर व्यवहारी. पैसे मात्र दोन्हीकडे नुकसानीच्या भीतीपोटीच जातात. फरक इतकाच की नुकसान होणार नाही अशी हमी (स्वतःच्या उपद्रवापुरती का होईना) दादा देतो, विमा कंपनी तशी हमी कधीच देत नाही. नुकसान होऊ देणे आणि मग कागदपत्रे पाहून भरपाई करणे एवढेच तिचे वचन असते.

हे शब्दपुराण सांगण्याचे कारण असे की गेली काही वर्षे आम्ही एका प्रश्नाभोवती घोटाळत आहोत. वाहनचोरी रोखण्याचा खर्च विमा कंपन्यांवर आकार बसवून उभा करावा की नाही? प्रश्न साहित्याच्या अध्यापकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु पुण्यात राहणाऱ्या कोणाही माणसाला दुचाकीचा प्रश्न परका नाही, आणि आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांना तर मुळीच नाही. महाविद्यालयाच्या वाहनतळावर ‘एमएच २३’, ‘एमएच २४’, ‘एमएच २६’ अशा पाट्या दिसतात. बीड, लातूर, नांदेडहून वडिलांची किंवा थोरल्या भावाची जुनी मोटारसायकल घेऊन आलेली ही मुले. सकाळी तास, दुपारी अभ्यासिका, रात्री कोणाच्या तरी घरी जेवणाचे डबे नाही तर पार्सले पोचवणे. ती गाडी गेली तर त्या मुलाचे सत्र जाते.

आमच्यापैकी एकाची स्कूटर अशीच गेली. शहराच्या मध्यवस्तीतील एका पेठेत, व्याख्यान संपवून बाहेर येईपर्यंतच्या दीड तासात. चौकीवरचा पहिला प्रश्न होता, हँडल लॉक केले होते का? दुसरा, दोन्ही किल्ल्या आहेत का? काही महिन्यांनी ‘ए समरी’ झाल्याचे कळले, म्हणजे गुन्हा खरा, पण उकल होत नाही. पोलिसांच्या या परिभाषेचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. घटना सत्य आहे, कर्ता अज्ञात आहे, सबब कथानक बंद. विम्याचे म्हणाल तर पाच वर्षे उलटलेल्या गाडीचा केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा होता. त्यात चोरीला जागा नसते. हेही आम्हांला तेव्हाच नीट समजले. बहुसंख्य दुचाकीस्वारांना ते गाडी जाईपर्यंत समजत नाही, कारण त्यांच्या लेखी विमा म्हणजे वाहतूक पोलिसाला दाखवायचा कागद.

आता परदेशातील उदाहरण. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९८६ साली वाहनचोरी-प्रतिबंधासाठी एक प्राधिकरण स्थापन केले आणि त्याच्या खर्चासाठी प्रत्येक विमाकृत प्रवासी मोटारीमागे विमा कंपनीने वर्षाला एक डॉलर द्यावा असे ठरवले. टेक्सासने १९९१ साली तोच मार्ग धरला. तेथेही आरंभ एका डॉलरने झाला. मग दोन, २०१९ साली चार, २०२३ साली पाच. या पैशातून स्थानिक पोलिसांची वाहनचोरीसाठीची खास पथके चालतात. कल्पना सरळ आहे. चोऱ्या घटल्या तर भरपाईचे दावे घटतात, दावे घटले तर फायदा विमा कंपनीचा. मग ज्याचा फायदा त्याने खर्चाचा वाटा उचलावा.

इतके सरळ असते तर कंपन्यांनी आपण होऊनच तो खर्च केला असता. त्या तो का करीत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. समजा, एका कंपनीने पदरचे पैसे घालून एखाद्या पेठेत पहारा बसवला. त्या पेठेतील गाड्या दहा निरनिराळ्या कंपन्यांकडे विमा उतरवलेल्या असतात. पहाऱ्याचा खर्च एकीचा, लाभ दहांचा. आणि नऊ स्पर्धक खर्चाविना दर उतरवून हिचेच गिऱ्हाईक पळवणार. शिवाय चोरीचे प्रमाण स्थिर असेल तर विम्याच्या धंद्याला त्याचे दुःख नसते. त्याचा हिशेब हप्त्यात आधीच धरलेला असतो. किंबहुना चोरीची थोडी भीती शिल्लक नसेल तर विमा घेईल कोण? म्हणून हा खर्च सक्तीने आणि सर्वांकडून सारखाच घ्यावा लागतो. ऐच्छिक सवलतीने काय होते ते आपण पाहिलेच आहे. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात चोरी-प्रतिबंधक उपकरण बसवणाऱ्यास हप्त्यात अडीच टक्के सवलत होती, तीही जास्तीत जास्त पाचशे रुपये, आणि उपकरण प्रमाणित करणारी संस्था आपल्याच पुण्यातली, वेताळ टेकडीवरची ‘एआरएआय’. किती पुणेकरांनी ती सवलत मागितली असेल? आम्ही ओळखीच्या वर्तुळात विचारून पाहिले; एकाही सद्गृहस्थाने ती ऐकलेली नव्हती.

रक्षण आणि भरपाई ही दोन कामे दोन निरनिराळ्या घरी असावीत, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्याविरुद्धचा नमुना आपल्याच मातीत होता याचा विसर पडतो. पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी दख्खनच्या गावांत रामोशी किंवा जागल्या पहारा करी. चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारी त्याची. माग गावाच्या शिवेबाहेर गेला की तो पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा, आणि ज्या गावात माग मुरेल त्याने माल तरी द्यायचा नाहीतर भरपाई. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीची नोंद आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’मुळे (१९१५) मराठीच्या विद्यार्थ्यांना बलुत्या-अलुत्यांचे जग परिचित असते, पण जागल्याकडे आपण बहुधा जातिव्यवस्थेतील एक खाते म्हणून पाहतो. आर्थिक अंगाने पाहिले तर तो एकाच वेळी पोलीस आणि विमेदार होता. चोरी झाली तर झळ त्याला व त्याच्या गावाला लागे, म्हणून पहारा सुस्त राहणे परवडत नसे.

या व्यवस्थेचा गौरव करण्याचा आमचा मानस नाही. जो कधीच श्रीमंत नव्हता त्याच्या डोक्यावर श्रीमंतांच्या मालाची जोखीम टाकणारी ती व्यवस्था होती. भरपाई देता येत नाही म्हणून रखवालदारच चोरांशी संधान बांधी, असेही घडत असे, आणि पुढे इंग्रजांनी रामोशांवर गुन्हेगारीचा जो शिक्का मारला त्याची मुळे काही अंशी या विचित्र दुहेरी भूमिकेत आहेत असे आम्हांस वाटते. परंतु ज्याच्याकडे प्रतिबंधाची शक्ती आहे त्याला नुकसानीची झळ बसावी, ही जाण त्यात होती. आज पुण्यात ज्याची गाडी जाते त्यालाच तेवढी झळ बसते. तपास ढिला राहिला तर पोलीस ठाण्याच्या अंदाजपत्रकात छिद्र पडत नाही. विमा कंपनीच्या ताळेबंदात पडलेले छिद्र पुढल्या वर्षीच्या हप्त्याने बुजते. गाडी बनवणाऱ्याची तर नवी गाडी खपते!

पैसा कोणी द्यायचा याला पुण्याच्या आठवणीत आणखी एक कडवट पदर आहे. १८९७ साली रँडच्या खुनानंतर सरकारने पुण्यात जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरवासीयांच्या माथी मारला. पोलीस लोकांसाठी नव्हते, लोकांविरुद्ध होते. बिल मात्र लोकांचे. रक्षणाच्या नावाने बसवलेल्या कोणत्याही नव्या आकाराकडे पुणेकर संशयाने पाहतो, ते निव्वळ खवचटपणापोटी नव्हे.

अलीकडचाच अनुभव घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले. २०२५ चे सारे वर्ष या पाटीच्या वेळापत्रकात आणि पुनःपुन्हा वाढणाऱ्या मुदतीत गेले. दुचाकीला कर सोडून ४५० रुपये, मोटारीला ७४५. पाटीवर अशोकचक्राचे होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा काढले की पुन्हा न बसणारे कुलूप. यामुळे पाटी बदलून गाडी फिरवणे अवघड होते, हे खरे. पण जी गाडी चोरून दोन तासांत सुटी केली जाते किंवा कागदपत्रांची चौकशी न करणाऱ्या आडगावी नाममात्र किमतीला विकली जाते, तिच्या पाटीचे चोराला काय अप्रूप? पाटीची उपयुक्तता हा आमचा मुख्य मुद्दाही नाही. या उपायाची जाहिरात वाहनचोरीला आळा म्हणून झाली आणि खर्च टाकला गेला केवळ वाहनमालकावर. जुनी लुना सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षकाने रांगेत उभे राहून पैसे भरले. त्याच्या पाटीमुळे ज्यांचे दावे कमी होऊ शकतात त्या विमा कंपन्यांना कोणी एक रुपयाही मागितला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते वेगळे नसते.

तेव्हा ‘विमा कंपन्यांवर आकार’ ही कल्पना आम्हांस मूलतः न्याय्य वाटते. आपल्या कायद्याला ती अपरिचितही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, २०२२ साली नियम झाले, आणि मोटार वाहन अपघात निधी अस्तित्वात आला. त्यात सर्वसाधारण विमा कंपन्यांनी वर्गणी द्यायची असते. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागत नाही तेव्हा मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची सोय १ एप्रिल २०२२ पासून झाली, तिचा पैसा थर्ड पार्टी हप्त्यांच्या काही अंशातून येतो. पळून गेलेल्या गाडीच्या अपराधासाठी साऱ्या विमा व्यवसायाने सामूहिक वर्गणी काढावी हे तत्त्व जर मान्य आहे, तर पळवून नेलेल्या गाडीसाठी ते अमान्य का असावे?

पण येथेच पाय जपून टाकावा लागतो. पहिली अडचण घटनात्मक आहे. पोलीस हा राज्याचा विषय, विमा केंद्राचा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला मनात आले म्हणून विम्यावर कर बसवता येणार नाही. म्हणजे आकार केंद्राने बसवायचा आणि खर्च राज्याच्या पोलिसांनी करायचा. मधल्या वाटेवर पैसा किती झिरपतो हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. टेक्सासमध्ये तर मधली वाटही नव्हती, तरी २०१९ साली आकार वाढला तेव्हा त्याचा मोठा वाटा अपघातग्रस्तांच्या उपचारव्यवस्थेकडे वळवला गेला. हेतू उत्तमच होता. पण चोरीच्या नावाने घेतलेला पैसा चोरीवर खर्च झाला नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी अडचण अधिक गंभीर. कंपन्या हा आकार स्वतःच्या नफ्यातून देणार नाहीत, हप्त्यात मिळवून ग्राहकाकडूनच घेणार. टेक्सासमध्येही असेच होते. मग आकार कोणत्या विम्यावर बसवायचा? साऱ्याच विम्यांवर बसवला तर ज्याच्या विम्यात चोरीची भरपाईच नाही तो थर्ड पार्टीवाला विद्यार्थीही भरणार, आणि दावे घटल्याचा लाभ मात्र चोरीसकट विमा घेणाऱ्या मोटारवाल्यांच्या हप्त्यात जाणार. खासगी वाहनांच्या विम्यावर आधीच अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यावर आणखी एक ओळ चढवली की उरलेसुरले लोकही विमा उतरवायचे सोडतील. म्हणून आमचे मत असे की आकार फक्त वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर, म्हणजे ज्यात चोरी अंतर्भूत असते त्यावरच बसवावा, आणि तो दर गाडीमागे सरसकट न ठेवता हप्त्याच्या प्रमाणात असावा. चाळीस लाखांच्या गाडीने आणि चाळीस हजारांच्या गाडीने सारखेच देणे यात कसला समभाव?

यावर आमच्या एका अर्थशास्त्राच्या मित्राचा आक्षेप आहे. त्याचे म्हणणे, पैसा महागड्या मोटारींच्या विम्यातून आला तर पहाराही तेथेच बसणार. पथक ज्याच्या पैशाने चालते त्याच्या गाड्या आधी शोधणार. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. लंडन शहराच्या पोलिसांत २०१२ पासून विमा-फसवणुकीच्या तपासासाठी एक खास विभाग आहे, तो विमा कंपन्यांच्या संघटनेच्या पैशावर चालतो. काम चोख होत असेल. तरी कोणता गुन्हा महत्त्वाचा हे देणगीदाराने ठरवायचे का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्यांना बंदोबस्ताचे शुल्क घेतले जाते, आणि २०२३ साली ते मागील तारखेपासून कमीही करण्यात आले. पैसे देऊन मागितलेले पोलीस ही कल्पना आपल्याला सवयीची आहे. (पुण्यात कोतवालीचा विषय निघाला की कोणाला तरी ‘घाशीराम’ आठवणारच, तेव्हा ती आठवण येथेच नोंदवून पुढे जातो.)

उलट बाजूला लंडनचेच एक जुने उदाहरण आहे. १८३३ साली तेथील विमा कंपन्यांनी एकत्र येऊन अग्निशमन दल काढले. विमा उतरवलेल्या मालमत्तेचे रक्षण हा त्याचा उघड हेतू. १८६१ साली टूली स्ट्रीटच्या प्रचंड आगीत त्या दलाचा प्रमुख ब्रेडवुड मेला, कंपन्यांचे अतोनात नुकसान झाले आणि हे ओझे आपल्याला पेलणार नाही असे त्यांनी सरकारला कळवले. १८६५ च्या कायद्याने दल सार्वजनिक झाले. कंपन्यांनी मात्र विमा उतरवलेल्या दर दहा लाख पौंडांमागे पस्तीस पौंड देत राहावे असे ठरले. आम्हांला हा नमुना अधिक पटतो. पैसा कंपन्यांचा, हुकूम सार्वजनिक संस्थेचा. आग विझवताना घराचा विमा आहे का हे कोणी विचारायचे नाही.

तसा निधी पुण्यात आला तर तो कशावर खर्च व्हावा? बहुतेकांच्या मनात कॅमेरे येतील. आम्हांला प्रथम वाहनतळ आठवतात. ज्या रेल्वे स्थानकाबाहेर, ज्या रुग्णालयाच्या आणि अभ्यासिकेच्या दारात गाड्या दाटीवाटीने रस्त्यावर उभ्या असतात तेथे रात्रपाळीचा राखणदार आणि टोकन ही साधी व्यवस्था चोराला अधिक अडचणीची. हे शहर सायकलींचे होते तेव्हा स्टँडवर पत्र्याचा बिल्ला घेतल्याशिवाय सायकल हलत नसे; ते आठवणारी पिढी अजून आहे. डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्हज’मधला (१९४८) रिच्ची चौकीवर जातो तेव्हा पोलीस तक्रार नोंदवून घेतो आणि सायकल तूच शोध म्हणतो. चित्रपट अभ्यासक्रमात शिकवताना आम्ही दारिद्र्य, युद्धोत्तर रोम, नववास्तववाद यांवर बोलतो. चौकीतला तो छोटा प्रसंग मात्र आम्ही स्वतः चौकीत उभे राहिलो तेव्हा कळला.

राहिला गाड्या बनवणारा. २०२२ च्या सुमारास अमेरिकेत ह्युंदाई व किया गाड्यांच्या चोऱ्यांची लाट आली, कारण तेथे विकलेल्या त्यांच्या अनेक स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझर बसवलेला नव्हता. किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारा हा छोटा तुकडा युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीचा आहे. आपल्या स्वस्त दुचाकीला संरक्षण कसले, तर हँडलचे कुलूप, आणि ते तोडायला किती क्षण लागतात ते चोराच्या वाटा ओळखणाऱ्यांना विचारावे. पुण्याच्या परिसरात, आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात, दुचाक्यांचा एवढा मोठा कारखानदारी व्यवसाय असताना आकार फक्त विमा कंपन्यांवर बसवणे हे अर्धेच काम होईल. विमा कंपनी चोरीतून नफा काढते असे आपण म्हणत असू, तर सहज चोरता येणारी वस्तू विकणाऱ्यालाही त्याच पंगतीला बसवले पाहिजे.

आणि एक किरकोळ वाटणारी बाब. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले की जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे कुजत ठेवू नयेत. मालकाला द्यावीत, विमा कंपनीला द्यावीत, नाहीतर लिलाव करावा. कोणत्याही ठाण्याच्या मागे डोकावून पाहा, गवतात रुतलेल्या दुचाक्यांचे सांगाडे दिसतील. त्यांतल्या कित्येक चोरीनंतर सापडलेल्या असतात, मालकांना पत्ता नसतो. चासी क्रमांकावरून मालक शोधायचा, त्याला पत्र पाठवायचे, यासाठी ठाण्यात माणूस नाही. आमची स्कूटर चौदा महिन्यांनी सापडली ती अशीच, शेजारच्या तालुक्यातल्या एका आवारात, आणि तीही दुसऱ्याच कामासाठी तेथे गेलेल्या विद्यार्थ्याने पाटी ओळखली म्हणून. चाके नव्हती. डिकीत मात्र तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, पावसाने लगदा झालेला. सुपूर्दनाम्यासाठी न्यायालयात दोन खेटे घातले आणि टेंपो करून ती घरी आणली. निधी उभा राहिलाच तर त्यातले पहिले पगार, आमच्या मते, हे सांगाडे मोजून मालकांना पत्रे लिहिणाऱ्या कारकुनांचे असावेत.